क्लासिकल गिटार: शून्यापासून सुरुवात, पण आधी एक मूलभूत शंका

रियाज_उद्यापासून
नमस्कार मंडळी. वय चाळिशीच्या अलीकडे, संगीताचं ज्ञान शाळेतल्या पेटीपुरतं. नायलॉनच्या तारांची, बोटांनी वाजवायची क्लासिकल गिटार शिकायची आहे. रोज अर्धा तास नक्की, रविवारी एक तास. प्रश्न असे:
१) घरी स्टीलच्या तारांची साधी अकूस्टिक गिटार पडून आहे. तिच्या तारा काढून नायलॉनच्या लावल्या तर चालेल का? नवीन वाद्याचा खर्च वाचेल.
२) नखं वाढवावीच लागतात का? पोळ्या, भांडी आणि कीबोर्ड, तिन्ही रोजचं आहे.
३) नोटेशन शिकावं की टॅबवर (कोणती तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं) भागतं?
जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

बारावाजता
वाचतोय. चहा घेऊन बसलोय.

सहावी_तार
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. कारण नीट समजून घ्या, नाहीतर दुकानदार "चालतंय की" म्हणेल आणि तुम्ही तारा घेऊन घरी याल.

स्टीलच्या हलक्या संचाचा एकूण ताण ७० किलोच्या पुढे असतो, नायलॉनचा ४० च्या आसपास. अकूस्टिकचं पुढचं फळकूट आणि त्याखालच्या पट्ट्या त्या मोठ्या ताणासाठी जाड बांधलेल्या असतात. निम्म्या ताणाने ते फळकूट हलतच नाही, आवाज मेल्यासारखा येतो. मानेतल्या लोखंडी सळीच्या विरुद्ध ओढणारा जोर कमी झाला की मान मागे वाकते आणि तारा पडद्यांवर खरखरतात. नायलॉनच्या तारा जाड असतात, त्या नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचांत बसत नाहीत. खाच कोरून मोठी केली तर पुढे स्टील लावताना ती सैल.

सगळ्यात मोठी अडचण रुंदीची. अकूस्टिकचा नट साधारण ४३ मिमी, क्लासिकलचा ५० ते ५२. हे आठ-नऊ मिमी उजव्या हाताच्या बोटांना दोन तारांमध्ये शिरायला लागतात. त्यांच्याशिवाय जे शिकाल ते नंतर मोडून पुन्हा शिकावं लागेल.

उलटा उद्योग तर अजिबात नको. क्लासिकलवर स्टीलच्या तारा चढवल्या की काही दिवसांत ब्रिजमागे (फळकुटावर तारा बांधतात त्या पट्टीमागे) फळकूट फुगतं, मग ब्रिज उखडतो.

यमनकल्याण
एक बाळबोध प्रश्न. क्लासिकल म्हणजे शास्त्रीय ना? मग यमन कुठून सुरू करायचा?

बारावाजता
घ्या! मी याचीच वाट बघत होतो.

सहावी_तार
@यमनकल्याण, तुमचा दोष नाही, नावाचा आहे. गिटारवर राग वाजवणारे ब्रिजभूषण काबरा, विश्वमोहन भट्ट ही परंपरा वेगळी. तिथे वाद्य आडवं ठेवून तारेवरून धातूची कांडी सरकवतात, मींड त्यातून येते. इथे विषय आहे युरोपातल्या क्लासिकल गिटारचा. आज दिसतो तो आकार स्पेनच्या अन्तोनियो दे तोर्रेस (१८१७ ते १८९२) यांनी पक्का केला. पडदे पक्के ठोकलेले, म्हणून सतारीसारखी चार-पाच स्वरांची मींड निघत नाही. यमनाचे स्वर वाजतील, यमन वाजणार नाही.

मडगावकर
अवांतर: आमच्या गोव्यात आणखी एक घोळ आहे. फादूच्या, म्हणजे पोर्तुगीज गाण्याच्या, बैठकीत 'गितार्रा' म्हणतात ती नासपतीच्या आकाराची, बारा तारांची, धातूच्या तारांची. आणि तुम्ही ज्याला गिटार म्हणता तिला पोर्तुगीजमध्ये 'व्हियोला'. म्हणजे एखाद्या जुन्या घरातले आजोबा 'व्हियोला शिकलो' म्हणाले तर ते व्हायोलिनच्या मोठ्या बहिणीबद्दल बोलत असतीलच असं नाही. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. गोव्यात कोणी असेल तर आधी तिथे चौकशी करावी.

लाकूडतोड्या
वाद्य निवडण्याबद्दल. दुकानात 'स्पॅनिश गिटार' या नावाखाली काहीही देतात, म्हणून हे स्वतः बघा:

खोका बारा पडद्यांनंतर सुरू होतो का? नट ५० ते ५२ मिमी आहे का? खिशात पट्टी ठेवा, लाजू नका. नट ते ब्रिजमधलं हाड, ही लांबी पूर्ण मापाच्या गिटारला ६५० मिमी असते. हात लहान असेल तर ६३० किंवा त्याहून छोटं माप मिळतं. ४८ मिमी नट आणि कापलेला खांदा असलेल्या 'क्रॉसओव्हर' गिटारी सुरुवातीला नकोत.

बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांतलं अंतर मोजा: सहाव्या तारेखाली ४ मिमी, पहिलीखाली ३ मिमी असेल तर उत्तम. ५ च्या पुढे असेल तर हाड घासून कमी करता येतं, पण बाराव्या पडद्यावर १ मिमी कमी करायचं तर हाड २ मिमी घासावं लागतं. ब्रिजच्या वर हाड तेवढं शिल्लक आहे का ते घेण्याआधीच बघा. नाहीतर तो दोष जन्मभराचा.

मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा वाजवा. ६ तारा गुणिले १९ पडदे, पाच मिनिटं लागतात. दुकानदार वैतागला तर वैतागू दे. शेवटी बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून येणारा स्वर आणि तिथेच दाबून येणारा स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दोन्ही सारखे यायला हवेत. दाबलेला बराच चढा येत असेल तर वाद्य वरच्या पडद्यांवर कायम बेसूर राहणार.

फळकूट प्लायचं की अखंड लाकडाचं? यामाहा सी४० प्लायची आहे आणि पहिली दोन वर्षं पुरते. सीजी१२२ किंवा कॉर्डोबा सी५ मध्ये वरचं फळकूट अखंड, आवाज खुलतो. ओळखायची खूण: गोल भोकाच्या कडेला लाकडाच्या रेषा वरून खाली सलग उतरल्या तर अखंड, मध्ये थर दिसले तर प्लाय.

कोकणकडा
@लाकूडतोड्या यांच्याशी अर्धी असहमती. किनारपट्टीवर राहणाऱ्या नवशिक्याने प्लायच घ्यावी. पावसाळ्यात इथली आर्द्रता ८०-९० टक्के. अखंड फळकूट पाणी पितं, फुगतं, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात, आणि माणूस म्हणतो माझीच बोटं कमजोर. प्लाय फारशी हलत नाही.

लाकूडतोड्या
मान्य, पण उपाय आहे. वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात वाजवून झालं की पेटीत बंद, आत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलचे मणी आणि छोटा आर्द्रतामापक. मण्यांचा रंग उतरला की तापवून पुन्हा वापरायचे. भिंतीला खिळ्यावर टांगणं म्हणजे ओल पाजणं.

विदर्भवीर
इकडे उलट हो. मे महिन्यात नागपुरात कूलर नसलेल्या खोलीत लाकूड आक्रसतं. पडद्यांची टोकं मानेच्या कडेतून बाहेर येतात, हात फिरवला की खरचटतात. तीच पहिली सूचना. त्यानंतर फळकुटाला चीर. साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज, ती डबी पेटीत मानेपाशी. स्पंज टपकता कामा नये. आणि उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवू नका, सरस मऊ पडून ब्रिज सुटतो.

अंगठाबहाद्दर
वाद्यावर धागा संपायच्या आत बसण्यावर लिहितो, कारण सुरुवातीचा निम्मा त्रास तिथला.

हात नसलेली खुर्ची, पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं. डावा पाय १२ ते १५ सेंमी उंच पायपट्टीवर. गिटारच्या कमरेची खाच डाव्या मांडीवर, खालचा फुगीर भाग उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला टेकलेला, मागची बाजू छातीला वरच्या कडेपाशी, आणि उजवा कोपराखालचा हात खोक्याच्या कडेवर. या चार ठिकाणी वाद्य टेकलं की डावा हात पूर्ण सोडला तरी ते हलत नाही. हीच परीक्षा. डाव्या हाताने मान धरून ठेवावी लागत असेल तर बैठक चुकली. खुंट्यांचं डोकं साधारण डोळ्यांच्या उंचीला.

मांडी घालून जमिनीवर नको. गिटार खाली जाते आणि उजवं मनगट काटकोनात मोडतं.

रियाज_उद्यापासून
पायपट्टी विकत घ्यायलाच हवी का?

चष्मिष
स्वयंपाकघरातले दोन पाट एकावर एक ठेवा, हलतील म्हणून मध्ये रबरी जाळी. सणावारी परत द्यावे लागतील एवढंच.

अंगठाबहाद्दर
हसू नका, चालतं ते. फक्त उंची मोजा. ज्यांची कंबर दुखते त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून मांडी आणि गिटार यांमध्ये बसणारा आधार घ्यावा, रबरी चूषकांनी चिकटणारा. प्लायच्या चकचकीत पॉलिशवर तो छान बसतो, हाताने केलेल्या फ्रेंच पॉलिशवर डाग पाडतो.

आता उजवा हात. बोटांची नावं स्पॅनिशवरून: अंगठा पी, तर्जनी आय, मध्यमा एम, अनामिका ए. करंगळी रिकामी. अंगठ्याकडे सहावी, पाचवी, चौथी तार. तर्जनी तिसरी, मध्यमा दुसरी, अनामिका पहिली. (अनामिकेचा 'ए' आणि पाचव्या तारेचा 'ए' वेगळे, गोंधळू नका.)

पहिला महिना डावा हात विसरा. मोकळ्या तारांवर पी-आय-एम-ए, मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक स्वर. बोट आधी तारेवर टेकवा, मग दाब, मग सोडा. बोट मुळाच्या सांध्यातून तळव्याकडे मिटलं पाहिजे. नुसत्या टोकाच्या सांध्याने ओरबाडलं की तार वर उचलली जाते आणि पडद्यावर आपटून टण्ण वाजते. अंगठा तर्जनीच्या पुढे, मानेच्या बाजूला राहतो. तो तळव्यात शिरला तर आय आणि पी एकमेकांवर आदळतात.

हे जमलं की जुने इटालियन गिटारवादक ज्युलियानी यांचा ओपस १ (ओपस म्हणजे रचनाकाराच्या कृतीचा क्रमांक). त्यात उजव्या हाताचे १२० छोटे व्यायाम आहेत आणि डाव्या हाताला जवळजवळ दोनच पकडी, सी आणि जी७. रोज दोन घ्या. १२० एका दमात करू नका.

तिसरा_पडदा
तारेवर टेकून थांबायचा आघात आधी की मोकळा आघात आधी? आपोयांदो आणि तिरांदो.

अंगठाबहाद्दर
मोकळा आधी.

सहावी_तार
इथे मतभेद. आपोयांदोत बोट वाजवून शेजारच्या वरच्या तारेवर विसावतं, त्यामुळे नवशिक्याला दिशा कळते आणि आवाज भरदार येतो. जुनी पद्धत तीच.

अंगठाबहाद्दर
दिशा कळते, पण हात प्रत्येक स्वराला पुढेमागे हलायची सवय लागते. मग आर्पेजिओत (पकडीतले स्वर एकामागून एक छेडताना) तीच सवय आडवी येते, कारण शेजारची तार तिथे वाजत राहायला हवी आणि विसावलेलं बोट ती बंद करतं. म्हणून आर्पेजिओ मोकळ्या आघाताने पक्का करा. आपोयांदो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, एकेरी सुरावट आणि स्केलसाठी.

सहावी_तार
शिक्षक असेल तर तो सांगेल ते. यावर अधिक भांडत नाही.

बारावाजता
एवढ्यात? चहा अजून संपला नाही.

कणीकवाली
रियाजताई (की दादा?), नखांचा प्रश्न राहिला. कणीक मळणाऱ्यांसाठी खास.

नखं फक्त उजव्या हाताची, चार बोटांची. डाव्या हाताची इतकी छोटी की बोट उभं टेकलं तरी पडद्याच्या पट्टीला नख लागू नये. उजवीकडची तळव्याकडून बघितल्यावर मांसाच्या वर १ ते २ मिमी दिसली की पुरे. जास्त लांब नख तारेत अडकतं. आवाज येतो तो मांस आणि नख दोन्हींच्या स्पर्शातून: तार आधी बोटाच्या डाव्या कडेच्या मांसाला लागते, मग नखाच्या उतारावरून घसरून सुटते. म्हणून नखाचा आकार डावीकडून उजवीकडे सलग उताराचा हवा. कोपरा राहिला तर आवाज कर्कश.

आधी कानशीने आकार, मग पॉलिश पेपर: ६००, १०००, शेवटी २००० नंबर. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा, पाण्याचा पेपर घ्या. नुसत्या कानशीच्या खरखरीत कडेने पहिल्या तीन तारांवर सर्र असा आवाज येतो. लोक तारांना दोष देतात.

भांडी घासल्यावर लगेच वाजवू नका. गरम पाण्याने नख मऊ पडतं आणि तारेवर फाटतं. अर्धा तास जाऊ द्या, किंवा हातमोजे. कणकेला अडचण नाही, उजव्या हाताची नखं एवढी छोटी असली तर कणीक अडकतच नाही.

तिसरा_पडदा
नखांशिवाय पण वाजवतात ना?

कणीकवाली
हो. जुने स्पॅनिश गिटारवादक फेर्नांदो सोर मांसाने वाजवायचे, त्यांचे मित्र दिओनिसिओ आग्वादो नखांनी. आणि दोघे एकत्र वाजवायचे, सोर यांनी दोघांसाठी दोन गिटारींची रचनाही केली. नंतरचे स्पॅनिश वादक तार्रेगा उतारवयात नखांशिवाय वाजवू लागले. पहिले तीन-चार महिने नखांचा विचार बाजूला ठेवलात तरी काही अडत नाही, फक्त चारही बोटं सारखी ठेवा. दोन नखं लांब आणि दोन तुटलेली, ही अवस्था सर्वांत वाईट.

पेटीवाला
नोटेशन की टॅब, यावर दोन शब्द. टॅबमध्ये कुठे दाबायचं ते कळतं, किती वेळ धरायचं आणि कोणता आवाज कोणत्या ओळीतला हे कळत नाही. या गिटारवर एकाच वेळी खर्ज आणि सुरावट असे दोन-तीन प्रवाह चालतात. नोटेशनमध्ये सुरावटीच्या काड्या वर, खर्जाच्या खाली. एवढ्या एका गोष्टीने खर्ज किती धरून ठेवायचा ते दिसतं.

पेटी येते म्हणता, मग अर्धं काम झालंय. मोकळ्या तारा, सहावीपासून पहिलीकडे: पांढरी ३, पांढरी ६, पांढरी २, पांढरी ५, पांढरी ७, आणि पुन्हा पांढरी ३, दोन सप्तकं वर. एक पडदा म्हणजे पेटीची एक पट्टी, काळी धरून. फरक असा की पेटीवर एक स्वर एकाच जागी असतो. इथे पहिल्या मोकळ्या तारेचाच स्वर दुसरीवर पाचव्या, तिसरीवर नवव्या आणि चौथीवर चौदाव्या पडद्यावर मिळतो. म्हणून नोटेशनमध्ये वर्तुळात आकडा लिहितात, तो तारेचा. वर्तुळाशिवाय आकडा डाव्या बोटाचा, तर्जनीपासून १ ते ४.

आणखी एक: लिहिलेला स्वर एक सप्तक खाली वाजतो. पेटीवर ताडून बघाल तेव्हा घाबरू नका.

टॅबप्रेमी
टॅबवर शिकूनही लोक छान वाजवतात, उगाच नवशिक्यांना घाबरवू नका.

पेटीवाला
वाजवतात, मान्य. पण कारुल्ली, कार्कास्सी, सोर यांचे मूळ धडे नोटेशनमध्ये आहेत, जुने असल्याने फुकट आणि कायदेशीर मिळतात. शिवाय ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांची परीक्षा द्यायची झाली तर तिथे नोटेशनच. दोन्ही छापलेलं पुस्तक घेतलंत तर टॅबच्या ओळीवर कागद झाकून आधी वाचा.

रियाज_उद्यापासून
(ताईच.) भरभरून लिहिताय, आभार. डाव्या हाताचं कोणी सांगेल का? आणि पहिली रचना कोणती घेऊ? ते प्रसिद्ध स्पॅनिश रोमान्स फार आवडतं.

अंगठाबहाद्दर
डावा हात: बोट पडद्याच्या लगेच मागे, पडद्यावर नाही आणि दोन पडद्यांच्या मधोमधही नाही. अंगठा मानेच्या पाठीवर, साधारण दुसऱ्या बोटासमोर, वरून डोकावता कामा नये. दाब किती? बोट तारेवर नुसतं ठेवा आणि वाजवत वाजवत हळूहळू दाबा. खरखर जाऊन स्वर स्वच्छ झाला त्या क्षणी थांबा. लोक साधारण त्याच्या दुप्पट दाबतात. बोटांची टोकं दोन-तीन आठवडे दुखतील, घट्टे पडले की थांबेल. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखलं तर मात्र त्या दिवशी वाद्य खाली ठेवा. ते चिमटीत आवळल्याचं लक्षण आहे.

सहावी_तार
रोमान्सबद्दल. पहिला भाग ई मायनरमध्ये, सुरुवातीच्या ओळी सोप्या वाटतात. मग पाचव्या आणि सातव्या पडद्यावर पूर्ण बारे (एका आडव्या बोटाने सगळ्या तारा दाबणं) येतो. दुसऱ्या भागात ई मेजर, तिथे बारे धरून करंगळी लांब ताणावी लागते. बहुतेकांचं रोमान्स तिथेच कायमचं थांबतं. जगभर पहिल्या सोळा मापांचे (नोटेशनमधल्या उभ्या रेघांमधल्या खंडांचे) वादक रग्गड आहेत.

क्रम असा ठेवा: कारुल्लीचे पहिल्या पोझिशनमधले (डावा हात पहिल्या चार पडद्यांपाशी) छोटे वॉल्ट्झ, मग सोर ओपस ६०. त्याचा पहिला धडा जवळजवळ एकेरी सुरावट आहे आणि २५ धड्यांत हळूहळू चढ आहे. त्यानंतर कार्कास्सी ओपस ६०. नंबर सारखा असला तरी हे वेगळं पुस्तक, आणि याचा पहिलाच धडा सोरच्या पहिल्यापेक्षा बराच अवघड. तार्रेगाचं 'लाग्रिमा' साधारण दुसऱ्या वर्षी.

विदर्भवीर
तारा बदलायचं कोणी लिहिलं नाही. नायलॉनच्या तारेला टोकाला गोळी नसते, ब्रिजला गाठ मारावी लागते. खर्जाच्या तिन्ही तारांना एक वेढा पुरतो. पहिल्या तिन्ही गुळगुळीत असतात, त्यांना दोन-तीन वेढे द्या आणि शेवटचा वेढा ब्रिजच्या मागच्या कडेच्या *खाली* अडकला पाहिजे. वरच राहिला तर ताण येताच पहिली तार सुटते आणि तिचं टोक चाबकासारखं फळकुटावर बसतं. तो खळगा निघत नाही. एका वेळी एकच तार बदला.

नवी तार चार-पाच दिवस उतरत राहते, वाद्य बिघडलेलं नाही. नॉर्मल टेन्शनचाच संच घ्या, हार्ड नको. आणि ट्यूनर लावताना पहिली तार चुकून एक सप्तक वर चढवू नका.

टॅबप्रेमी
पिकने (प्लास्टिकच्या नखीने) हिंदी गाणी वाजवली तर?

लाकूडतोड्या
क्लासिकलला पिकगार्ड नसतं. महिन्याभरात भोकाखाली ओरखडे. बोटांनी छेडा.

रियाज_उद्यापासून
ठरलं. जुन्या गिटारच्या स्टीलच्या तारा तशाच ठेवते, गाणी तिच्यावर. प्लायची क्लासिकल घेते (ठाण्यात राहते, @कोकणकडा जिंकले). अर्ध्या तासाची वाटणी सांगाल?

अंगठाबहाद्दर
५ मिनिटं ट्यूनिंग आणि मोकळ्या तारा, १० मिनिटं ज्युलियानी, १० मिनिटं चालू धडा, त्यातही फक्त अडलेली दोन मापं, ५ मिनिटं नोटेशन वाद्याशिवाय मोठ्याने वाचन. रविवारच्या तासात मोबाइल समोर ठेवून हातांचं चित्रण करा. मनगट कुठे मोडतं ते आरशापेक्षा त्यात लवकर दिसतं. महिन्यातून एकदा का होईना शिक्षकाला दाखवा, ऑनलाइनही चालेल, पण कॅमेरा उजव्या हाताच्या बाजूने लावा. समोरून अंगठा लपतो.

लाकूडतोड्या
दुकानात जाताना पट्टी विसरू नका. ५२ मिमी.

चष्मिष
आणि येताना पाट मोजा.

रियाज_उद्यापासून
मोजले. एक साडेसहा सेंमी, दोन मिळून तेरा. गौरी-गणपतीपर्यंत सोय झाली.